डेट्रॉइटला मी भाजी बघायला गेले होते

माझी मावसबहीण डेट्रॉइटजवळ राहते, वीसेक वर्षं झाली. "जवळ" म्हणजे एट माइल रोडच्या पलीकडे, उपनगरात. तिला फोनवर सांगितलं की ताई, जुलैमध्ये येते पण मला मॉल नको, आउटलेट नको, शहरातली शेती बघायचीये, बेघर लोकांच्या ताटात जी भाजी जाते ती कुठे पिकते ते बघायचंय, तर पलीकडे पाच सेकंद शांतता. मग म्हणाली, "अगं, आम्ही शहरात जातो ते एअरपोर्टच्या रस्त्याला लागायला." तरी ये म्हणाली.

शुक्रवार

पोचले, जेवले, झोपले. भावोजींनी झोपायच्या आधी इतिहासाचा क्लास घेतला तेवढं लिहून ठेवते कारण पुढे लागतो. १९५० ला या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. म्हणजे तीन माणसांतली दोन गेली आणि शहराचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच, १३९ चौरस मैल. गाड्यांचे कारखाने हलले, गोरी कुटुंबं उपनगरांत गेली, घरं ओस पडली, जळली, पाडली गेली, आणि २०१३ मध्ये नगरपालिकेने चक्क दिवाळं जाहीर केलं. मागे राहिले ते रिकामे प्लॉट. इथल्या शेतीची सुरुवात या प्लॉटांपासून होते, कोणाच्या हिरव्या स्वप्नापासून नाही.

शनिवार

ईस्टर्न मार्केट. १८९१ पासूनचा बाजार, लांबच लांब शेड, आणि शनिवारी ही झुंबड. ताई पहिल्यांदाच आली होती, वीस वर्षांत! तिचं म्हणणं पार्किंग मिळत नाही. मिळालं.

मी शोधत होते ते "ग्रोन इन डेट्रॉइट"चं टेबल. कीप ग्रोइंग डेट्रॉइट नावाची संस्था ते चालवते, शहरातले छोटे शेतकरी आपला माल तिथे आणतात आणि विक्रीचे पैसे त्यांनाच मिळतात. कोणाच्या परसातल्या चार वाफ्यांतल्या बीटच्या पाच जुड्या, कोणाचं कोलार्ड, कोणाचं केल, दोन्ही इथल्या पालेभाज्या. (हे "केल" मला सहा दिवस छळत होतं, "केल केलं का" असं वाक्य बनलं की ताई हसायची.) हीच संस्था बिया, रोपं देते, माती तपासून देते. त्यांचा हा बिया-रोपांचा कार्यक्रम २००३ पासून चाललाय.

पण मी जास्त वेळ उभी राहिले ती टोकनांपाशी. सरकारी अन्नमदत, जिला स्नॅप म्हणतात, ती मिशिगनमध्ये ब्रिज कार्डवर येते. बाजारात ते कार्ड स्वाइप करून टोकन घ्यायची आणि शेतकऱ्याला टोकन द्यायची. वर "डबल अप" म्हणून योजना आहे, स्नॅपचा एक डॉलर खर्च केला की फळं-भाजीसाठी अजून एक डॉलर मिळतो. २००९ ला ती सुरू झाली ती इथल्याच शेतकरी बाजारांत, आता बऱ्याच राज्यांत आहे. माझ्यापुढे एक बाई होती, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. टोकनं त्याच्याच मुठीत. तो ती एकेक करून टेबलावर मांडत होता, मोजत होता, चुकत होता, परत उचलत होता, मागे लाइन वाढत होती आणि टेबलावरचा माणूस अजिबात घाई करत नव्हता. शेवटी पोराने चेरी टोमॅटोचे दोन डबे घेतले आणि आईने कोलार्डची जुडी उचलली ती परत ठेवली. मला वाटलं पैसे कमी पडले. तसं नव्हतं, टोकनं शिल्लक होती. ती जुडी का ठेवली हे मला सोमवारी कळलं.

आणि हे मला माहीतच नव्हतं: स्नॅपच्या पैशांतून खाण्याच्या पिकाच्या बिया आणि रोपं पण घेता येतात. १९७३ पासून आहे म्हणे तो नियम. शिजवलेलं गरम जेवण सहसा घेता येत नाही, पण टोमॅटोचं रोप घेता येतं. आता ज्याला घरच नाही त्याने रोप लावायचं कुठे हा प्रश्न वेगळा.

रविवार

ताईकडे पाहुणे होते म्हणून मी सटकले. बसने डाउनटाउन, मग वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर क्यू लाइनची ट्राम, ती फुकट आहे. ग्रँड सर्कस पार्कमध्ये हेझन पिंग्रीचा पुतळा बघायचा होता, खुर्चीत बसलेला टकलू माणूस, कबुतरांनी केलेल्या सन्मानासकट.

हा मूळचा बूट बनवणारा कारखानदार. १८९० मध्ये महापौर झाला. १८९३ ला अमेरिकेत मोठी मंदी आली, डेट्रॉइटमध्ये हजारो कामगार, त्यातले बरेच पोलंड-जर्मनीकडून आलेले, घरी बसले. पिंग्री म्हणाला शहरात एवढ्या रिकाम्या जमिनी पडल्यात, मालक नुसते भाव वाढायची वाट बघतायत, द्या तोवर या लोकांना बटाटे लावायला. पेपरवाल्यांनी त्याला "पोटॅटो पॅच पिंग्री" नाव पाडलं. वर्गणी मागितली तर फारशी जमली नाही, तेव्हा या बाबाने स्वतःचा लाडका घोडा लिलावात काढला. १८९४ च्या पहिल्याच हंगामात ४३० एकर जमीन मिळाली, बटाटे, घेवडा, सलगम पिकले, आणि मग इतर शहरांनी त्याची नक्कल केली.

मग पुढे काय झालं? मंदी सरली, जमिनींना भाव आला, मालकांनी जमिनी परत घेतल्या, बटाटे संपले. पहिल्यापासून ती उसनीच जमीन होती. मी पुतळ्यापुढे बाकावर बसून ताईने दिलेली पोळीभाजी खाल्ली आणि तेव्हा हे एवढं काही डोक्यात बसलं नव्हतं, नंतरच्या दिवसांत जो भेटेल तो जमिनीच्या कागदांवरच बोलायला लागला तेव्हा हा टकलू परत परत आठवला.

असा प्रयत्न नंतरही झालाय बरं का. १९७० च्या दशकात कोलमन यंग महापौर असताना नगरपालिकेनेच "फार्म-अ-लॉट" काढलं होतं, लोकांना रिकाम्या प्लॉटवर भाजी लावायला मदत करायची. मग १९९२ ला ग्रेस ली बॉग्ज या इथल्या कार्यकर्त्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने इतरांबरोबर "डेट्रॉइट समर" सुरू केलं, तरुण पोरं आणि दक्षिणेतल्या शेतांवर वाढलेले म्हातारेकोतारे एकत्र येऊन बागा लावायचे. बॉग्जबाई शंभर वर्षं जगल्या, २०१५ ला गेल्या, म्हणजे त्यांनी हे शहर भरलेलंही पाहिलं आणि रिकामंही.

सोमवार

पूर्व भाग. मेल्ड्रम स्ट्रीटवर कॅपुचिन या कॅथलिक पंथाच्या साधूंचं सूप किचन, म्हणजे फुकट जेवणाचं अन्नछत्र, आहे. १९२९ ला, म्हणजे महामंदीच्या तोंडावर, मठाच्या दारात भुकेलेल्यांना सँडविच-कॉफी देता देता ते सुरू झालं. आणि त्याच्याच आजूबाजूला अर्थवर्क्स अर्बन फार्म. १९९७ मध्ये एका कॅपुचिन ब्रदरने छोटीशी बाग लावली तिथून हे वाढलं. आता वाफे, पॉलिहाऊस, मधमाश्यांच्या पेट्या. रस्त्याच्या या बाजूला पिकतं, त्या बाजूला शिजतं.

आणि इथे मला शनिवारच्या कोलार्डचं उत्तर मिळालं. बागेत तण काढणाऱ्या एका बाईंशी गप्पा मारताना मी म्हणलं की पालेभाजी एवढी पौष्टिक तर ती थेट बेघर कुटुंबांना वाटून टाकली तर? त्या हसल्या. म्हणाल्या, वाटशील गं, पण शिजवणार कशात? कोलार्ड शिजायला तास लागतो, पातेलं लागतं, शेगडी लागते. मोटेलच्या खोलीत मायक्रोवेव्ह असतो, तोही असला तर. गाडीत झोपणाऱ्याकडे तोही नाही. म्हणून शिजवायची भाजी किचनला द्यायची, तिथे ती ताटात गरम जाते, आणि हातात द्यायचं ते चेरी टोमॅटो, काकडी, गाजर, मटाराच्या शेंगा, जे धुतलं की खाता येतं.

म्हणजे पीक निवडतानाच खाणारा कुठे झोपतो हे धरावं लागतं. मी एवढं वाचून आले होते आणि हे साधं डोक्यात आलं नव्हतं!

दुसरं त्या जे बोलल्या ते कुटुंबांबद्दल. बेघर म्हणलं की आपल्याला पुलाखालचा एकटा माणूस दिसतो, पण पोरं असलेली कुटुंबं रस्त्यावर सहसा दिसत नाहीत. ती कोणाच्या तरी सोफ्यावर, मोटेलमध्ये, गाडीत असतात, मुलं काढून घेतील या भीतीने तर अजूनच लपतात. सरकारचे हिशोबही दोन. गृहनिर्माण खातं नातेवाइकाकडे दाटीवाटीने राहणाऱ्याला सहसा बेघर मोजत नाही, शिक्षण खातं त्याच घरातल्या मुलाला मोजतं. आता अशा आईला तुम्ही म्हणालात की ये, तुला एक वाफा देतो, तर टोमॅटो लागायला रोप लावल्यापासून दोन-अडीच महिने जातात आणि तोवर तिचे तीन पत्ते बदललेले असतात. म्हणून "वाफा घ्या" ही योजना ज्यांच्याकडे घर आहे पण पैसे नाहीत त्यांना बरी, आणि ज्यांच्याकडे घरच नाही त्यांना आधी ताट. दोन्ही एकाच पोस्टरवर छापतात तेव्हा गोंधळ होतो, हे माझं मत, त्यांचं नाही.

मंगळवार

आज काम. पूर्वेलाच एका छोट्या शेतावर सकाळी यायला सांगितलं होतं, नाव लिहीत नाही कारण त्यांच्या जमिनीच्या वाटाघाटी चालू आहेत. मी ऐटीत सँडल घालून गेले. दारातच अडवलं, बंद बूट पाहिजेत. का, ते खाली बघितल्यावर कळलं: जमीन म्हणजे पाडलेल्या घराचं तळघर, त्यात विटा, काचा, खिळे भरून वरून माती लोटलेली. ताईला फोन, ताईने ऑफिसला जाता जाता बूट आणून दिले, दोन नंबर मोठे, बडबड फुकट.

तिथे सगळं सांभाळणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. इथल्या काळ्या शेतकऱ्यांमध्ये वयाने मोठ्या बाईला मान म्हणून "मामा" म्हणतात आणि मोठ्या माणसाला "बाबा", आफ्रिकेकडून आलेली पद्धत. बाबा ठीक आहे हो, पण बाईमाणसाला "मामा" हाक मारताना मराठी जीभ अशी अडखळते की विचारू नका. पहिले दोन तास मी नुसतं "एक्सक्यूज मी"वर काढले.

काम होतं लसूण काढायचं. जुलैचा मध्य म्हणजे इथे लसणाचा हंगाम, खालची तीन-चार पानं वाळली की काढायला तयार. मला वाटलं मुळ्यासारखा उपटायचा, उपटला, तर पात हातात आणि गड्डा जमिनीत. मामांनी काहीही न बोलता चार दातांचा काटा हातात दिला आणि दाखवलं: रोपापासून वीतभर लांब काटा घुसवायचा, पायाने दाबायचा, मागे झुकवायचा, माती सैल झाली की "कर्र" असा मुळं तुटल्याचा आवाज येतो, मग पातीला बुडाशी धरून अलगद वर. माती हाताने झटकायची, आपटायचं नाही (आपटला की पाकळीला मार बसतो आणि सडतो), धुवायचं तर अजिबात नाही. मग दहा-दहाची जुडी सुतळीने बांधून शेडच्या आढ्याला उलटी टांगायची, दोन-तीन आठवडे वाळायला. दुपारपर्यंत माझ्या बोटांना असा वास होता की बसमध्ये शेजारचा उठून गेला.

एक क्रेट बाजूला होता, त्यात फक्त मोठे, घट्ट, एकसारखे गड्डे. मी त्यातला एक उचलला तर मामा पहिल्यांदा जोरात बोलल्या, "तो नाही!" ते बियाणं.

जेवणाच्या सुट्टीत माती. इथली बरीच घरं १९७८ च्या आधीची, म्हणजे रंगात शिसं असायचं, त्यावर्षी घरगुती रंगात शिशावर बंदी आली. घर पाडलं की तो रंग मातीत. वर रस्त्याकडेला जुन्या पेट्रोलमधलं शिसं. म्हणून आधी माती तपासणी, मग कापड अंथरून त्यावर बाहेरून आणलेली माती आणि कंपोस्टचे उंच वाफे. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने घराभोवतीच्या मातीतल्या शिशाची मार्गदर्शक पातळी ४०० वरून २०० पीपीएमवर (दहा लाख भाग मातीत किती भाग शिसं) आणली, म्हणजे काल जी माती चालत होती ती आज संशयित. टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाज्यांत शिसं फारसं जात नाही, पालेभाजीवर धूळ बसते आणि कंदाला तर मातीच चिकटते, म्हणून लसूण-गाजर उंच वाफ्यातच.

मग पाणी. घर पाडताना नळजोडणी तोडलेली असते, त्यामुळे प्लॉटला पाणी नाही, रस्त्यावरच्या हायड्रंटवरून (आगीच्या बंबासाठीचा नळ) घ्यायचं तर परवाना. पावसाचं साठवू म्हणाल तर छप्पर कुठाय! मामांनी अवजारांच्या शेडला पन्हाळी लावून तीन पिंपं भरायची सोय केलीये.

आणि मग जमीन. तिथे सातबारा नसतो पण रडगाणं तेच, कागद कोणाच्या नावावर. रिकाम्या प्लॉटांचा मोठा मालक म्हणजे डेट्रॉइट लँड बँक ही सरकारी संस्था. तुमच्या घराला लागून प्लॉट असेल तर "साइड लॉट" म्हणून १०० डॉलरला मिळतो. पण लागून घर तरी पाहिजे, आणि ते तुमच्या मालकीचं पाहिजे. भाडेकरूला नाही. मामांचे सहा वाफे त्यांच्या साइड लॉटवर, ते पक्के. लसणाचा पट्टा मात्र पलीकडच्या प्लॉटवर, एका खाजगी मालकाच्या, वर्षावर्षाच्या बोलीवर. त्याला आता बिल्डर विचारतायत. शहर सुधारतंय ना, मिशिगन सेंट्रलचं पडकं स्टेशन पण २०२४ ला झगमगीत होऊन उघडलं.

बुधवार

पाय दुखत होते. तरी नॉर्थ एन्डला गेले. वुडवर्डवर डेट्रॉइट पीपल्स फूड को-ऑप आहे, मे २०२४ ला उघडलेलं, लोकांनी भाग घेऊन काढलेलं किराणा दुकान. यामागे डेट्रॉइट ब्लॅक कम्युनिटी फूड सॉव्हरिन्टी नेटवर्क ही २००६ पासूनची संस्था. ज्या शहरात बहुसंख्य लोक काळे आहेत तिथे अन्नाचा धंदा काळ्यांच्या हातात का नाही, हा त्यांचा सरळ प्रश्न. २०२० मध्ये त्यांनी, कीप ग्रोइंग डेट्रॉइटने आणि ओकलंड अ‍ॅव्हेन्यू अर्बन फार्मने मिळून काळ्या शेतकऱ्यांना जमीन विकत घ्यायला मदत म्हणून एक निधीच काढला. बियांसाठी नाही, अवजारांसाठी नाही, खरेदीखतासाठी!

तिथून पुढे कॅस कम्युनिटी सोशल सर्व्हिसेसची छोटी घरं लांबूनच बघितली, लोक राहतात तिथे, फोटो काढायला ते काही प्रदर्शन नाही. २५० ते ४०० चौरस फुटांची घरं, प्रत्येक वेगळ्या ढंगाचं. रेव्हरंड फेथ फाउलर यांची कल्पना. राहायला येणारे कमी उत्पन्नाचे, त्यातले काही आधी बेघर असलेले. भाडं चौरस फुटाला महिन्याला एक डॉलर आणि सात वर्षं भरलं की घर स्वतःचं. एका पायरीवर बादलीत टोमॅटोचं झाड होतं, काठी लावून फडक्याच्या पट्टीने नीट बांधलेलं. बादलीच, जमिनीत नाही.

गुरुवार

संध्याकाळचं विमान. सकाळी पाऊस, तरी भावोजी स्वतःहून म्हणाले चल सोडतो, मलाही बघू दे. पश्चिमेला रूज पार्कमध्ये डी-टाउन फार्म आहे, सात एकर, त्याच नेटवर्कचं, जमीन नगरपालिकेची, करारावर घेतलेली. पावसात आत फिरता आलं नाही, कुंपणावरूनच पॉलिहाऊसच्या रांगा बघितल्या. भावोजींनी विचारलं की हे सगळं मिळून शहराला पुरतं का. नाही हो, कुठून पुरणार. पण २०१३ ला शहरी शेतीचा नियम होईपर्यंत कागदोपत्री हे धड कायदेशीरही नव्हतं, २०२३ मध्ये नगरपालिकेने शहरी शेतीसाठी पहिल्यांदा संचालक नेमली आणि २०२५ पासून परसात आठपर्यंत कोंबड्या-बदकं पाळायला परवानगी आहे. कोंबडा नाही, फक्त कोंबड्या. भावोजींना हे इतकं आवडलं की ताईला लगेच मेसेज.

निघताना बॅगेत बघते तर मामांचे हातमोजे. तसेच घेऊन गेले असते तर रात्री झोप लागली नसती, म्हणून गाडी परत पूर्वेला वळवली, एअरपोर्टच्या बरोबर उलट दिशेला, भावोजी काही बोलले नाहीत पण घड्याळ बघत होते. पाऊस थांबला होता. मामा शेडमध्ये टांगलेल्या जुड्या एकमेकींपासून लांब सरकवत होत्या, दमट हवेत बुरशी धरू नये म्हणून. मी मोजे दिले, आणि मग या वेळी नीट "मामा" म्हणून हाक मारून विचारलं की लसूण परत कधी लावायचा. ऑक्टोबरमध्ये, म्हणाल्या, जमीन गोठायच्या आत, पुढच्या जुलैला निघतो.

मी पलीकडच्या पट्ट्याकडे बघितलं, तिथे नुसती उकरलेली माती. म्हणलं, जुलैपर्यंत तो प्लॉट राहील तुमच्याकडे?

त्यांनी पायाजवळचा क्रेट पायानेच आत, कोरड्या बाजूला सरकवला. "बी तर काढून ठेवलंय," म्हणाल्या.